हाताने घडवलेल्या काचेचा धंदा: कप का तडकले, आणि भाव नेमका कसा सांगू?

काचवाली_भुसावळ | १९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून लिहिते.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी २०१९पासून ज्योतीवर काच घडवते. बी.एस्सी. केमिस्ट्री, त्यामुळे काचेच्या नळ्यांची ओळख होतीच. बोरोसिलिकेटची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उष्णता सोसणाऱ्या काचेची नळी घ्यायची, गॅस आणि ऑक्सिजनच्या बर्नरवर फिरवत मऊ करायची, फुंकायची, ओढायची. कप, छोट्या बरण्या, अत्तराच्या कुप्या, कानातली असं करते. मदतीला कोणी नाही. सासूबाई पॅकिंगला बसतात आणि बसल्या बसल्या टीकाही करतात.

भुसावळचा मे तुम्हाला सांगायला नको. बाहेर ४५, शेडमध्ये किती ते मोजायचं मी सोडून दिलंय. पंखा लावला तर ज्योत हलते. कुलरचा ओला वारा तापलेल्या काचेवर आला तर ती जागेवर तडकते. म्हणून पहाटे चारला बर्नर पेटवते आणि नऊला बंद करते.

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या रिटर्न गिफ्टची ऑर्डर आली, ६० कप. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. वेळेत दिली, सगळे खूश. आठवड्याने फोन आला: ‘ताई, रात्री दोनला टक् करून आवाज आला, उठून बघतो तर कप उभा चिरलेला. कोणी हातसुद्धा लावला नव्हता.’ मग दुसरा, मग तिसरा. आजपर्यंत ११. ते सगळे पैसे परत मागत आहेत. वर ‘भुताटकी आहे का’ हेही विचारून झालं.

दुसरं दुखणं भावाचं. जळगावला सागर पार्कवर प्रदर्शनात स्टॉल लावला होता. कप हातात घेऊन, फिरवून, उजेडात धरून बघतात. साडेचारशे म्हटलं की परत ठेवतात. ‘फुले मार्केटला यात सहाचा सेट येतो.’ खरंच येतो, मी स्वतः बघून आले.

कप का तडकले असतील? आणि हा धंदा पुढे चालवण्यात अर्थ आहे का?

---

पुणेरी_खान्देशी | १९ मे, रात्री ११:०५

वाचतोय. मागच्या वर्षी मुंबईहून अशाच कोणाकडून ‘हँडमेड’ म्हणून दोन ग्लास घेतले होते. गरम दूध ओतलं आणि तळ खाली, वरचा भाग हातात. तेव्हापासून हातच्या काचेला मी घाबरतो. तुमचं उत्तर मिळालं तर माझंही मिळेल.

---

गिरणाकाठ | २० मे, सकाळी ६:१५

पोरी, मी ३१ वर्षं प्रयोगशाळेत ग्लास ब्लोअर होतो. आता निवृत्त, भडगावला असतो. भुताटकी वगैरे काही नाही. आधी एवढं सांग:

भट्टी कितीला धरतेस, आणि किती वेळ?
भट्टीतला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, वर आहे की खाली?
तडा कपाच्या कानापासून सुरू झाला की काठापासून?
साठच्या साठ एकाच नळीचे होते, की मध्ये काही उद्योग केलास?

आणि डोळ्याला कोणता चष्मा लावतेस? हे पाचवं, पण खरं तर पहिलं.

---

काचवाली_भुसावळ | २० मे, सकाळी ९:५०

काका, नमस्कार. आत्ताच बर्नर बंद करून आले.

भट्टी ५६०ला, पंधरा मिनिटं, मग बंद करून आपोआप थंड होऊ देते. थर्मोकपल वरच्या बाजूला आहे, भट्टी घेतली तेव्हापासून तिथेच. त्यांनी तडकलेल्या कपांचे फोटो पाठवलेत: ११पैकी ९ कानापाशीच फुटले. उरलेल्या दोघांत कान शाबूत आहे.

आणि हो, उद्योग केला. त्या दोघांवर निळे ठिपके दिले होते. फिरोजाबादहून रंगीत कांड्या आणल्या होत्या, नमुना म्हणून पाच-सहा कपांवर लावून बघितल्या.

चष्मा साधा काळा आहे.

---

गिरणाकाठ | २० मे, सकाळी १०:३०

मग झालं तर. एकाच ऑर्डरीत तू दोन वेगळे अपराध केलेस.

ठिपक्यांचं आधी सांगतो, ते सोपं आहे. बोरो काच तापली की फारच कमी फुगते. आकड्यात ३.३ धर. फिरोजाबादची बांगडीची काच म्हणजे सोडा-लाइम, ती ९च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट. दोघी एकत्र वितळतात, चिकटतात, तेव्हा छान दिसतात. थंड होताना निळा ठिपका आकसायला बघतो आणि खालची काच त्याला आकसू देत नाही. ते भांडण मिटत नसतं. आज नाही तर पंधरा दिवसांनी फुटणारच. कितीही भट्टीत घाल. बोरोवर रंग हवा असेल तर बोरोचीच रंगीत कांडी घ्यायची. महाग मिळते, पण दुसरा मार्ग नाही.

आता कानाचं. कपाची भिंत दोन मिलिमीटर, कानाचं मूळ सहा-सात. पातळ भाग लवकर थंड होतो, जाड भाग मागे राहतो. आतला ताण निघावा म्हणून तर आपण भट्टीत धरतो. पंधरा मिनिटांत भिंतीचा ताण गेला असेल, कानाचा नाही. त्यात तुझा थर्मोकपल वर. वर ५६० दाखवतंय तेव्हा खालच्या फरशीवर किती असेल कोण जाणे, आणि तू कप उभे ठेवले असणार फरशीवरच.

५६५ला पूर्ण तासभर धर. मग एकदम बंद करायची नाही. ४८०पर्यंत हळूहळू उतरव, दोन-अडीच तास जाऊ देत. त्याच्या खाली आली की मग बंद केलीस तरी चालेल. थर्मोकपल कपांच्या उंचीवर आण.

साठही कप एकाच दिवशी भट्टीत गेले होते का?

---

काचवाली_भुसावळ | २० मे, सकाळी १०:५५

नाही काका, पाच घाण्यांत. भट्टी छोटी आहे.

आता आठवलं. तिसऱ्या घाण्याला मध्येच लाइट गेली. पाऊण तासाने आली. मी झोपले होते. सकाळी बघितलं तर कंट्रोलर नुसता लुकलुकत होता, भट्टी थंडगार. कप दिसायला चांगले होते म्हणून पॅक केले.

---

गिरणाकाठ | २० मे, सकाळी ११:००

म्हणजे अपराध तीन.

---

सरकीवाला | २० मे, दुपारी १:२०

काका, तुम्ही जज का नाही झालात 😄

ताई, कंट्रोलरच्या मेनूत वीज गेल्यानंतर काय करायचं याची सेटिंग असते. आमच्या जिनिंगमध्ये हीटरच्या पॅनेलला होती. थांबून राहा, पहिल्यापासून सुरू कर, किंवा सोडलं तिथून पुढे चल. तुमचं ‘थांबून राहा’वर असणार. पुस्तिका काढून बघा.

---

गिरणाकाठ | २० मे, दुपारी ४:४०

बरोबर. आणि पोरी, कोणता कप फुटणार हे आधी बघता येतं. प्रयोगशाळेत त्याला पोलरिस्कोप असतो. तुझ्या घरी लॅपटॉप आहे ना? त्यावर कोरं पांढरं पान उघड. घरात कोणाचा गाडीवर घालायचा पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरव. एका कोनात पडदा काळा पडेल. तिथेच थांब. आता गॉगल आणि पडदा यांच्यामध्ये कप धर. ताण नसलेली काच अंधारात अंधारच राहते. जिथे ताण आहे तिथे पांढरं, कधी रंगीत झळकतं.

---

काचवाली_भुसावळ | २० मे, रात्री ११:५५

काका!!!

यांचा गॉगल घेतला, दिवे बंद केले. पडदा काळा झाला. घरात उरलेल्या जास्तीच्या चार कपांपैकी एक मध्ये धरला. भिंत दिसतच नाही, नुसता अंधार. आणि कानाच्या वरच्या मुळाशी पांढरा डाग, चांगला करंगळीच्या नखाएवढा, त्याला कडेने पिवळट-निळी किनार. कप फिरवला की डागही झळकत-विझत राहतो. सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ‘हा तर माझ्या गुडघ्याचा एक्स-रे.’

दुसऱ्या कपात काहीच नाही. तिसऱ्यात पुन्हा कानाशीच. चौथा निळ्या ठिपक्यांचा होता. प्रत्येक ठिपक्याभोवती उजेडाचं कडं. सहा वर्षं मी हे आंधळेपणाने विकत होते?

---

पुणेरी_खान्देशी | २१ मे, सकाळी ७:३०

मी पण करून बघितलं! आमच्या स्टीलच्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण धरलं तर इंद्रधनुष्य दिसलं. बायको म्हणते ऑफिसला जा.

---

गिरणाकाठ | २१ मे, सकाळी ८:००

प्लॅस्टिकमध्ये दिसणारच, साच्यात दाबून केलेलं असतं.

पोरी, रडत बसू नकोस. न फुटलेले ४९ कप परत मागव. काच ही अशी वस्तू आहे की तिची चूक दुसऱ्यांदा भट्टीत घालून दुरुस्त होते. फक्त ठिपकेवाले बाजूला काढ, ते फेकायचे. बाकीचे साबणाने धू, स्टिकरचा गोंद स्पिरिटने काढ, बोटांचे ठसे राहू देऊ नकोस, नाहीतर ते भाजून बसतात. मग तासभर ५६५. पुन्हा लॅपटॉपसमोर धर. अंधार दिसला तरच घराबाहेर.

फुटलेले आणि फेकलेले सगळे नवे करून दे. पैसे परत देऊ नकोस, कप दे. आणि त्यांना खरं सांग.

---

भाव_खाली_करा | २१ मे, दुपारी १२:१०

एवढा उपद्व्याप करून शेवटी कपच. चिनी माल ऑनलाइन निम्म्यात मिळतो, तो तडकत नाही. ‘हाताने केलं’ म्हणून लोकांनी चारपट पैसे का द्यावेत? ही भावनिक दुकानदारी आहे.

---

मणियार_गल्ली | २१ मे, दुपारी ३:४५

वरच्या भाऊंचं बोलणं कडू असलं तरी अर्धं खरं आहे. ताई, रागावू नका. आमचं धुळ्याला बांगड्यांचं दुकान, आजोबांपासून. काचेच्या भावावर आम्ही तीन पिढ्या बोलतोय.

मी फिरोजाबादला वर्षातून दोनदा जातो. (जाताना पंजाब मेल पकडून आग्र्याला उतरतो, पुढे बस. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिकीट खिडकीवर घाईत फिरोजपूर म्हटलं होतं. ही गाडी जाते फिरोजपूरलाच, त्यामुळे बाबूनेही मुकाट्याने तिकीट फाडलं. असो.) तिथे बांगडी स्वस्त का, ते बघितल्याशिवाय कळत नाही. भट्टीतून काचेची तार ओढतात, फिरत्या बेलनावर तिची स्प्रिंग गुंडाळली जाते, ती कापली की उघड्या तोंडाची कडी हातात. मग ती कारखान्यातून बाहेर पडते आणि गल्लीबोळातल्या घरांत जाते. एका घरात सधाई, म्हणजे तापवून दोन्ही टोकं एका पातळीत आणणं. दुसऱ्या घरात जुडाई, ज्योतीवर टोकाला टोक चिकटवणं. बाया-पोरी जमिनीवर बसून दिवसभर तेच करतात. मग छाटणी, रंग, सोनेरी काम. एक बांगडी इतक्या हातांतून जाते आणि प्रत्येक हाताला पैशांत मोजावी लागेल अशी मजुरी. त्या भावाशी तुम्ही एकटीने लढणार? आणि लढून जिंकलात तर त्याला जिंकणं म्हणायचं का?

१९९६ला सुप्रीम कोर्टाने ताजमहालाच्या परिसरातल्या कारखान्यांचा कोळसा बंद करायला सांगितला, तेव्हा तिथल्या भट्ट्या गॅसवर गेल्या. अब्बा सांगायचे, तेव्हा सगळे म्हणत होते बांगडी आता संपली. नाही संपली. त्या गावाच्या अंगात काच आहे. त्यांच्याशी डझनाच्या भावात स्पर्धा करायचीच नाही.

मी गिऱ्हाइकाला भाव कसा सांगतो ते सांगतो. लग्नाचा हिरवा चुडा भरायला येतात तेव्हा कोणी डझनाचा भाव विचारत नाही. कारण मी नवरीचा हात हातात घेतो, अंगठ्याचा सांधा दाबून बघतो, आणि सव्वादोन का अडीच ते सांगतो. माप माझ्याकडे आहे. तुमच्या स्टॉलवर साठ कप सारखे मांडलेत, सहाच्या सेटसारखे. तर लोक तुलना सहाच्या सेटशीच करणार. त्यांची चूक नाही.

बाजारात डझनाने मिळतं ते करू नका. बाजारात मिळतच नाही ते काय, ते शोधा.

---

काचवाली_भुसावळ | २१ मे, रात्री १०:२०

दादा, रागवायचं कशाला. दोनदा वाचलं.

बाजारात मिळत नाही ते... एक आहे. मागच्या श्रावणात शेजारच्या काकूंनी निरांजनाला काच मागितली. पंख्याखाली ज्योत राहत नाही म्हणून. सरळ नळीचा तुकडा कापला, दोन्ही काठ ज्योतीवर गोल केले, खाली हवा जायला तीन खाचा दिल्या. वीस मिनिटांचं काम. त्यांच्या निरांजनाच्या मापाने. त्यानंतर त्यांच्या ओळखीच्या सात जणी आपापलं निरांजन घेऊन आल्या. एकीनेही भावात घासाघीस केली नाही! मी तेव्हा हे ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलं, कारण मला कप करायचे होते.

दुसरं, इथल्या एका कॉलेजच्या लॅब असिस्टंटनी कंडेन्सर (वाफ थंड करायची काचेची नळी) दुरुस्तीला आणला होता, बाजूची नळी मोडलेली. जोडून दिला. नवा मागवला तर महिना लागतो म्हणाले.

---

गिरणाकाठ | २२ मे, सकाळी ६:०५

अगं मग अडलंय कुठे! आख्ख्या खान्देशात एवढी सायन्स कॉलेजं, फार्मसी कॉलेजं. दर वर्षी ब्युरेटची टोकं मोडतात, कंडेन्सरच्या नळ्या मोडतात, मुलं थर्मामीटरने फ्लास्कचा तळ फोडतात. मी नोकरीत होतो तेव्हा दुरुस्तीचं कपाट कायम भरलेलं. आता ब्लोअरच्या जागा भरतच नाहीत. मोडलं की टाकून देतात. एका दुरुस्तीला तुला अर्धा तास, त्यांचे हजार वाचतात. जून-जुलैत प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत प्रत्येक कॉलेजात जाऊन ये. फक्त आत कोणतं रसायन होतं हे विचारल्याशिवाय ज्योतीजवळ नेऊ नकोस. आणि ज्यात व्हॅक्यूम धरायचा असतो ते भांडं घेऊ नकोस, अजून नाही.

आणखी एक. लोक जुन्या कंदिलाच्या काचा मागायला येतील. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या लहानपणी घरोघर होता. कराडजवळ १९१६ला सुरू झालेला तो कारखाना, त्याच्याही आधी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना, १९०८चा, लोकांनी पैसा-पैसा देऊन उभा केलेला. या महाराष्ट्राला काच नवी नाही. पण ती फुगीर काच साच्यात फुंकलेली असते, तुझ्या बर्नरवर होणार नाही. त्याला काचेचा लेथ, म्हणजे काच फिरवत धरणारं यंत्र लागतं. नाही म्हणायला शीक.

चष्म्याचं बोलायचं राहिलंच. तापलेल्या काचेतून जो पिवळा भडका दिसतो तो सोडियमचा. साध्या काळ्या चष्म्याने सगळंच अंधारतं आणि तू जवळ वाकून बघतेस. डिडिमियमचा चष्मा घे. तो फक्त पिवळा कापतो, आतली काच स्वच्छ दिसते. बोरोला उजेड जास्त, म्हणून त्यावर हिरवी वेल्डिंगची छटा असलेला मिळतो तो बघ.

---

तापीपार_हिशोब | २२ मे, सकाळी ११:३०

माझं काम टॅक्सचं, तेवढंच बोलतो.

मजा म्हणजे ताईंच्या एकाच शेडमधला माल जीएसटीच्या वर्गवारीत तीन शीर्षकांत जातो. घरगुती कप-बरण्या ७०१३, प्रयोगशाळेचं सामान ७०१७, मणी-बांगड्या ७०१८. मणियार दादांच्या काचेच्या साध्या बांगड्यांवर जीएसटी नाही, कपांवर आहे. महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर विकायचं झालं की गणित बदलतं. हस्तकलेला अटींसह सवलत आहे, ती तुमच्या वस्तूला बसते का ते सीएला वस्तू दाखवून विचारा, फोनवर नको. ऑनलाइन बाजारात १ ऑक्टोबर २०२३पासून नोंदणी नसलेला छोटा विक्रेताही विकू शकतो, पण राज्याच्या आतच, आणि त्याला एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर तो एजंट समजा. विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात कुंभार आहे, लोहार आहे, काचकाम नाही. त्याच्या मागे लागू नका. कर्ज हवं असेल तर पीएमईजीपी ही केंद्राची कर्ज-अनुदान योजना बघा: महिलांना शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

आणि गॅस कोणता वापरता?

---

काचवाली_भुसावळ | २२ मे, दुपारी १२:१५

१९ किलोचा व्यावसायिक. सुरुवातीला घरातला लाल वापरला होता, कबूल. एजन्सीच्या माणसाने बघितलं, बोलला काही नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी बदलला.

ऑक्सिजनचं सांगते, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. आधी मोठे सिलिंडर भाड्याने होते. एप्रिल २०२१मध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला, तेव्हा माझे दोन्ही भरलेले सिलिंडर गाडीवाला येऊन घेऊन गेला. मीच बोलावलं होतं. त्याच्या हातात पावतीपुस्तकसुद्धा नव्हतं. तीन-चार महिने ज्योत बंद. नंतर एका दवाखान्याने काढलेलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेचं यंत्र, विकत घेतलं, मिनिटाला पाच लिटरचं. मोठ्या भांड्याला कमी पडतं, कानातली आणि निरांजनाच्या काचा यांना पुरतं. भाडं वाचलं. मात्र लाइट गेली की ज्योतही पिवळी पडते.

---

गिरणाकाठ | २२ मे, दुपारी १२:४०

सिलिंडर असो की यंत्र, ऑक्सिजनच्या जोडणीला तेल-ग्रीसचं बोट लावायचं नाही. सासूबाईंनाही सांगून ठेव, त्या प्रेमाने पुसायला जातील.

---

सरकीवाला | २२ मे, रात्री ९:००

पॅकिंगवर कोणीच बोललं नाही! माझा विषय.

आधी काय करायचं नाही ते. रुई भरू नका. मी जिनिंगवाला असून सांगतो. रुई दबते ती दबूनच राहते, वाटेत खाली बसते, आणि कप डब्यात खुळखुळतो. वर सरकीचा कण राहिला तर अळी. रावेरकडे माझे मेहुणे आहेत, ते म्हणाले केळीची वाळलेली पानं वापर, फुकट आहेत, लोकांना आवडतात. आमच्या ओळखीतल्या एकाने मातीच्या भांड्यांना वापरली. उन्हाळ्यात झकास. जुलैत पार्सल उघडलं तर बुरशीचा वास. पानं हवीच असतील तर दिवाळी ते होळी.

दोन खोकी घ्या, एकात एक, मध्ये चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा, तिथे चुरगळलेला कागद गच्च. कपाच्या कानात कागदाची गुंडाळी घाला, नाहीतर झटका बसला की कानच जातो. मग बंद खोकं कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाका. तीनदा: सपाट, कडेवर, कोपऱ्यावर. मन घट्ट करून टाका. घरात फुटलेला एक कप स्वस्त.

---

पुणेरी_खान्देशी | २२ मे, रात्री ९:२५

आणि कुरिअरवाल्यांचा अनुभव? मी भाचीला काचेचं घड्याळ पाठवलं तेव्हा सही करून घेतली की काच फुटली तर भरपाई नाही.

---

काचवाली_भुसावळ | २२ मे, रात्री १०:१०

माझ्याकडूनही तशीच सही घेतात. ‘नाजूक’ लिहिलं की खोकं वर ठेवतील असं वाटायचं. एकदा डेपोत उभी राहून बघितलं, ‘नाजूक’वाल्या खोक्यावर पोरगा बसून डबा खात होता. आता लिहीतच नाही. टाकून बघायची परीक्षा उद्याच करते.

---

अहिराणी_माय | २३ मे, सकाळी ८:३०

पोरी, मी अमळनेरनी. कालपाईन वाची ऱ्हायनू. आम्ही कंदिलनी काच राखवरी पुसूत, ती फुटनी ते आख्खा घरमा बोंब पडे. काच शे, फुटी जास. फुटानं भ्याव धरीसन धंदा व्हस का? आन भाव सांगतांना तू कसाले दबकस? सांगी दे आन गप बस.

मराठीत लिहिते, नाहीतर पुण्याचा पोरगा अडेल. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रात्रभर दिवा ठेवावा लागतो आणि अंगणाकडून वारा येतो. तू म्हणतेस तशी काच मला पाहिजे. पण माझा दिवा सासूबाईंचा आहे, पितळी, बुड चौकोनी. गोल काच बसणार नाही. काय करशील?

---

काचवाली_भुसावळ | २३ मे, सकाळी १०:००

मावशी, दिव्याचं बुड कागदावर ठेवून पेन्सिलने कडेने रेघ मारा आणि तो कागद पोस्टाने पाठवा. फोटो नको, कागदच पाठवा. वात किती उंच असते तेही दोरा धरून मापा, दोरा पाकिटात टाका. गोल काच चौकोनात बसेल अशी बैठक मी चार पायांची करेन. भाव सहाशे.

(सांगितलं आणि गप बसले.)

---

अहिराणी_माय | २३ मे, सकाळी १०:२०

बरं. तीन कर. नणंदांच्या पण आहेत.

---

भाव_खाली_करा | २३ मे, सकाळी ११:००

माझ्या आईकडेही समई आहे, वारा लागतो. माप कसं पाठवायचं म्हणालात?

---

मणियार_गल्ली | २३ मे, सकाळी ११:०२

😂😂

---

काचवाली_भुसावळ | ६ जून, रात्री ९:४५

हिशोब देते.

लग्नवाल्यांना सगळं खरं सांगितलं. आधी चिडले, मग लॅपटॉप आणि गॉगलची गंमत त्यांच्या घरी जाऊन दाखवली. त्यांच्या मुलाने सगळे कप एकेक करून अंधारात धरले, मला काही करावंच लागलं नाही. ४९पैकी ठिपक्यांचे तीन त्याने स्वतःच बाजूला काढले. बाकी ४६ भट्टीतून परत काढले, त्यातला एक भट्टीतच गेला. एकूण १५ नवे करून दिले.

थर्मोकपल खाली आणला. आधी वर ५६५ असताना खाली किती होतं ते काका, तुम्हाला सांगायची लाज वाटते. कंट्रोलरची सेटिंग पुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर सापडली.

कॉलेजं तीन झाली. एकीकडे सरळ नाही म्हणाले. दुसरीकडे लॅब असिस्टंटनी कपाट उघडलं आणि म्हणाले, ‘मॅडम, टेम्पो आणा.’ तिसरीकडे प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज आहे. कप मी सोडलेले नाहीत. महिन्याला दहाच करते, कान बारीक.

मावशीचा कागद आला. चौकोनी बुडाच्या एका बाजूला कोपरा तुटलेला आहे, रेघेत दिसतो. त्या पायाला मी थोडी जागा जास्त ठेवते.

काका, चष्मा मागवलाय, अजून आलेला नाही. जोडाचं काम मला एकदा हातात हात धरून शिकायचं आहे. नळीला नळी लागते, पण आत गाठ राहते.

---

गिरणाकाठ | ७ जून, सकाळी ५:५०

गाठ राहते कारण तू घाईने फुंकतेस. रविवारी ये. पाचोऱ्याला उतर, तिथून भडगाव एसटी. माझा जुना बर्नर माळ्यावर आहे, नातवाला काढायला सांगतो. चष्मा येईपर्यंत माझा वापर. येताना दहा-बारा मिलिमीटरची नळी आण, आणि ते मोडके कंडेन्सर आण. नवी काच खर्च करू नकोस.

---

काचवाली_भुसावळ | ७ जून, सकाळी ९:१०

येते काका. सासूबाई पण येणार म्हणतात. तुमच्याकडे भरिताची वांगी आहेत का विचारतायत, नसतील तर इथून घेऊन येतो.